इन्स्टॉल झालं म्हणतंय, मग सापडत का नाही?

स्वल्पविराम
नमस्कार मंडळी. गेले दोन महिने पायथन शिकते आहे. प्रोग्रामिंग हा माझा पेशा नव्हे. रोज पंधरा-वीस तक्ते एकमेकांना जोडून बेरजा-वजाबाक्या कराव्या लागतात, ते काम आपोआप व्हावं एवढीच माफक अपेक्षा. लूप, फंक्शन, लिस्ट इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग शिकवणीत वाक्य आलं, 'आता पांडाज इन्स्टॉल करून घ्या' (पांडाज म्हणजे तक्त्यांची कामं करणारं तयार पॅकेज), आणि तिथेच माझं चाक रुतलं.

आज्ञा टंकायच्या काळ्या खिडकीत 'पिप इन्स्टॉल पांडाज' दिलं. (पिप हा पायथनचा पॅकेज मॅनेजर, म्हणजे पॅकेजं आणून ठेवणारं साधन.) भराभर ओळी धावल्या, शेवटी 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' आलं. खूश होऊन एडिटरमध्ये प्रोग्राम चालवला, तर 'मॉड्यूल नॉट फाउंड'. पुन्हा इन्स्टॉल करायला गेले, तर 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड'. एक म्हणतो घरात आहे, दुसरा म्हणतो असं कुणी इथे राहतच नाही.

शिवाय मागितलं एक आणि सोबत आली आणखी चार-पाच. त्यात सिक्स नावाचंही कुणीतरी आहे, ते कोण? जालावर शोधलं तर पिपऐवजी कुणी कोंडा म्हणतं, कुणी पोएट्री, कुणी यूव्ही. तर प्रश्न असा, की हे पॅकेज मॅनेजर प्रकरण मुळापासून समजून घ्यावं लागतं, की चार आज्ञा पाठ करून पुढे सरकायचं? आणि त्याआधी, माझं पांडाज गेलं कुठे?

रिकामटेकडा
बंद करून परत चालू केलंत का? (हलके घ्या.)

घुबड
एका बिळात दोन अजगर आहेत, दुसरं काही नाही.

तुमच्या संगणकावर किमान दोन पायथन असणार. एक तुम्ही घातलेला, दुसरा एडिटरने किंवा आणखी कुठल्या सॉफ्टवेअरने सोबत आणलेला. प्रत्येक पायथनचं 'साइट-पॅकेजेस' नावाचं स्वतःचं कपाट असतं आणि पिपही ज्याचा त्याचा वेगळा. तुमच्या काळ्या खिडकीतला पिप पहिल्याच्या कपाटात सामान ठेवतोय आणि एडिटर दुसऱ्याचं कपाट उघडून बघतोय. दोघंही खरंच बोलतायत.

खात्री करायची तर (आज्ञा देवनागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच रोमनमध्ये):
काळ्या खिडकीत 'पिप --व्हर्जन' द्या. ओळीच्या शेवटी तो कुठल्या पायथनचा आहे ते लिहिलेलं असतं, फोल्डरसकट.
मग एडिटरमध्ये दोन ओळींचा प्रोग्राम चालवा: 'इम्पोर्ट सिस' आणि 'प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)'.
दोन्ही पत्ते वेगवेगळ्या पायथनचे निघाले तर चोर सापडला.

आणि यापुढे नुसतं 'पिप इन्स्टॉल' लिहू नका. 'पायथन -एम पिप इन्स्टॉल अमुकतमुक' लिहा. म्हणजे ज्या पायथनला हाक मारली, त्याच्याच कपाटात सामान जातं.

आडवळण
घुबडराव, उत्तर बरोबर आहे, पण ताईंना घाबरवू नका. मी आठ वर्षं पिप वापरतोय आणि आजवर एकदाही त्याच्या पोटात डोकावलो नाही. इन्स्टॉल, अनइन्स्टॉल, लिस्ट. तीन आज्ञा, बास. गाडी चालवायला इंजिन खोलावं लागत नाही.

घुबड
इंजिन नका खोलू, पण पेट्रोल कुठल्या बाजूने भरायचं ते तरी ठाऊक हवं ना?

जुनं_खोड
आडवळण यांच्याशी असहमत, पण त्यांचं म्हणणं कळतंय. आमच्या वेळी पाठ करायला आज्ञाच नव्हत्या, त्यामुळे समजून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

थोडा इतिहास. पर्लवाल्यांचं सीपॅन १९९५ मध्ये जालावर आलं. इतरांनी लिहिलेलं एका ठिकाणी ठेवायचं आणि एका आज्ञेने ओढून घ्यायचं, ही सवय बहुतेकांना तिथून लागली. पायथनमध्ये आम्ही झिप उतरवायचो, उघडायचो, आतली सेटअप नावाची फाइल चालवायचो, ती म्हणायची अमुक नाही, मग ते अमुक शोधायला निघायचो. २००४ च्या सुमारास ईझी-इन्स्टॉल आलं. नावाप्रमाणे घालणं सोपं होतं, पण काढून टाकायची सोयच दिली नव्हती! २००८ मध्ये इयन बिकिंग यांनी पिप आणलं. पिपचं पूर्ण रूप 'पिप इन्स्टॉल्स पॅकेजेस'. यातल्या पिपचं पूर्ण रूप काय, तर पुन्हा तेच.

असो. माझं मत विचाराल तर साधन कुठलंही घ्या, ते सामान *कुठे* ठेवतं एवढं आधी बघा. नवशिक्यांच्या दहातल्या आठ तक्रारी इथेच सुटतात (आकडा माझ्या मनाचा). शिकवण्या मात्र 'कसं घालायचं' इथून सुरू होतात आणि तिथेच संपतात.

मधली_सुट्टी
जुनं_खोड काका, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

ताई, घुबड यांनी रोगाचं निदान केलंय, मी पथ्य सांगते. ते आहे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. नाव ऐकून मीही दोन वर्षं त्याच्यापासून लांब पळाले होते. प्रत्यक्षात ते एक फोल्डर आहे, बाकी काही नाही. प्रत्येक कामाला त्याचं वेगळं कपाट. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, हे पायथनच्या सोबतच येतं. वेगळं काही आणावं लागत नाही. कामाच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथन -एम वेन्व .वेन्व' द्यायचं, मग ते सक्रिय करायचं (विंडोज आणि लिनक्सवर आज्ञा वेगळी आहे, तेवढी बघून घ्या), आणि मग जे काय घालायचं ते घालायचं.

मला हे कसं पटलं ते सांगते. माझं सगळं सामान एकाच कपाटात होतं. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजचं २.० आलं. एका नव्या कामासाठी मी बिनधास्त अपग्रेड केलं. दुसऱ्या दिवशी जुनं काम उघडलं तर पडदाभर लाल अक्षरं: नमपाय १ साठी बांधलेलं मॉड्यूल नमपाय २ वर चालणार नाही. नवं चालवावं तर जुनं बंद, जुनं चालवावं तर नवं बंद. नांदा सौख्यभरे म्हणून दोघांना एका खोलीत कोंडलं होतं मीच. शेवटी दोघांना वेगळं काढलं तेव्हा शांतता झाली.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ते फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवू नका, आत पत्ते पक्के लिहिलेले असतात, ते चुकतात. आणि त्यात स्वतःची एकही फाइल ठेवू नका. ते कधीही उडवून नव्याने करता आलं पाहिजे.

चकवा
लिनक्सवाल्यांसाठी भर घालतो. डेबियन १२ पासून (२०२३) सिस्टीमच्या पायथनवर थेट पिप चालवलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून हाकलून देतात. जालावर लोक सर्रास सांगतात, आज्ञेपुढे '--ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस' जोडा, चालतं. अहो, नाव तरी वाचा! करवतीवर 'बोट कापेल' लिहिलंय आणि आपण विचारतोय, कुठलं बोट?

ही अडवणूक उगाच नाही. सिस्टीमची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात. हे नियम येण्याच्या खूप आधी मी सुडो (म्हणजे प्रशासकाचे अधिकार) लावून पिपने एक लायब्ररी (असंच एक तयार पॅकेज) अपग्रेड केली होती. सेटिंग्जची खिडकी उघडेनाशी झाली. मी काय केलं असेल? अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकली. रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला. एक लायब्ररी मागच्या आवृत्तीवर नेली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं, हे कळायला वर्ष गेलं.

स्वल्पविराम
एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. वाचतेय, हळूहळू करून बघते. सिक्सचं कुणी सांगितलं नाही अजून.

घुबड
सिक्स म्हणजे पायथन २ आणि ३ दोन्हींवर एकच कोड चालावा म्हणून लिहिलेली छोटी लायब्ररी. दोन गुणिले तीन, सहा. पांडाजला ती थेट नको असते. पांडाजला तारखांसाठी डेटयूटिल लागतं आणि डेटयूटिलला सिक्स.

रिकामटेकडा
घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं.

आळशी_कासव
चार-पाच पाहुण्यांना घाबरलात? आमच्या जावास्क्रिप्टच्या आळीत या. साधं पान दाखवायचं म्हणून एक साधन घ्या, नोड-मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये शेकडो पॅकेजं येऊन बसतात. ते फोल्डर कॉपी करायला घेतलं की माणूस जाऊन झोप काढून येतो.

लेफ्ट-पॅडचा किस्सा नव्या मंडळींना माहीत नसेल. मार्च २०१६. शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरून देणारं ११ ओळींचं पॅकेज. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, लेखक चिडला आणि त्याने एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं कोठार) आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. लेफ्ट-पॅडवर कोण अवलंबून होतं? बॅबेलसारखी मोठी धेंडं, आणि त्यांच्यावर अर्धं जग. जगभरची बिल्डं (प्रोग्राम बांधायची कामं) धडाधड पडली. काही तासांत एनपीएमने ते पॅकेज स्वतःच परत चढवलं आणि पुढे काढून घेण्याचे नियम कडक केले.

जुनं_खोड
म्हणूनच म्हणतो, ११ ओळींसाठी दुसऱ्याच्या दारात जाऊ नये. आमच्या पिढीने असल्या गोष्टी हाताने लिहिल्या.

मधली_सुट्टी
काका, ११ ओळींपुरतं मान्य. पण तारखा आणि टाइमझोन? तिथे हाताने लिहायला बसलेली माणसं मी पाहिली आहेत, अजून बसलेलीच आहेत.

जुनं_खोड
त्यातला एक मी. शब्द मागे घेतो.

अनामिक_प्रवासी
रस्ट शिका, कार्गो वापरा. हा धागाच काढावा लागणार नाही.

रिकामटेकडा
रस्टवाले आले. धागा सार्थकी लागला.

घुबड
हसा, पण मुद्दा आहे त्यांचा. कार्गो हा रस्ट भाषेचा पॅकेज मॅनेजर, भाषेसोबतच येतो, प्रत्येक प्रकल्पाची यादी आणि कुलूप-फाइल पहिल्या दिवसापासून ठरलेली. पायथनचं पॅकेजिंग भाषा वयात आल्यावर जमेल तसं जोडत नेलेलं, म्हणून एवढ्या खोल्या आणि एवढे जिने. सध्या बोलबाला असलेलं यूव्ही (फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं) तेही रस्टमध्येच लिहिलंय. पायथन उतरवणं, वेगळं कपाट करणं, पॅकेजं घालणं, सगळं एकच साधन करतं आणि वेग डोळे दिपवणारा आहे. तरी ताईंना माझा सल्ला असा, की पहिला महिना पिप आणि वेन्ववरच काढा. पडद्यामागे काय चाललंय ते त्यात उघड दिसतं. नंतर खुशाल यूव्हीवर जा.

आडवळण
मी अजूनही माझ्या मतावर ठाम आहे. पण काल तुमचं वाचून 'पिप --व्हर्जन' देऊन बघितलं आणि जो पत्ता आला, तो पायथन माझ्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. आठ वर्षं! त्यातलं किती सामानसुमान भलत्याच कपाटात गेलंय देव जाणे.

कंसातला
(उशिरा येतोय.) कुलूप-फाइलचा उल्लेख घुबड यांनी उडत उडत केला, त्यावर जरा थांबायला हवं असं वाटतं, कारण 'कुठे' इतकाच 'कुठली आवृत्ती' हा प्रश्न छळतो.

आमच्याकडे घडलेली गोष्ट. शुक्रवारी चालणारा प्रकल्प सोमवारी नव्या सर्व्हरवर बांधायला घेतला आणि पडला. कोडची एक ओळ बदललेली नव्हती. दोन दिवस आम्ही एकमेकांकडे संशयाने बघत होतो. झालं होतं असं, की पॅकेजच्या यादीत आवृत्तीमागे टोपीचं चिन्ह होतं. ^१.४.२ याचा अर्थ '१.४.२ किंवा त्यापुढचं काहीही चालेल, फक्त २ च्या आत'. शनिवार-रविवारात कुणीतरी १.५.० सोडलं. नियमाप्रमाणे मधला आकडा वाढला तर जुनं काही मोडता कामा नये. पण नियम माणसंच पाळतात, किंवा पाळत नाहीत. टोपीऐवजी नागमोडी चिन्ह असतं तर १.४ च्याच घरात राहिलो असतो, पण तोही खरा उपाय नव्हे.

खरा उपाय कुलूप-फाइल. प्रत्येक पॅकेजची, पाहुण्याच्या पाहुण्याचीसुद्धा, नेमकी आवृत्ती तिथे नोंदलेली असते. एनपीएममध्ये ती आपोआप येऊ लागली २०१७ मध्ये, यार्न या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरने २०१६ मध्ये तशी फाइल आणल्यानंतर. आमच्याकडेही ती होती. पण कुणा शहाण्याने 'यंत्राने बनवलेली फाइल कशाला जपायची' म्हणून ती गिटमधून (कोडमधले बदल जपणारं साधन) वगळली होती. (तो शहाणा मीच.) आता ती जपतो, आणि सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल' न देता 'एनपीएम सीआय' देतो. ते कुलपाबाहेरचं काही आणत नाही. यादी आणि कुलूप जुळलं नाही तर सरळ थांबतं.

पायथनमध्ये 'पिप फ्रीझ' करून यादी काढतात, तिचा घोळ एवढाच, की तुम्ही मागवलेलं आणि त्याच्यासोबत आलेलं यांत ती भेद करत नाही. सहा महिन्यांनी कळत नाही की हे सिक्स मला हवं होतं की कुणाच्या मागून आलं. म्हणून मी मला हव्या असलेल्या चार-पाच नावांची एक छोटी फाइल हाताने लिहितो आणि फ्रीझची वेगळी ठेवतो.

आळशी_कासव
'तो शहाणा मीच' ला दंडवत.

निळी_शाई
आतापर्यंत कुणी सुरक्षिततेबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. इन्स्टॉल करणं म्हणजे अनोळखी माणसाचा कोड आपल्या संगणकावर आणणं, आणि पुष्कळदा इन्स्टॉल होतानाच तो चालतोही. एनपीएममध्ये पोस्ट-इन्स्टॉलची सोय आहे, पायथनमध्येही व्हील (म्हणजे आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज) न मिळता मूळ कोडावरून बांधायची वेळ आली की सेटअपची फाइल चालते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये पायपीआयवर (पायथनच्या पॅकेजांचं कोठार) जेलीफिश नावाच्या लायब्ररीचा तोतया सापडला. रोमन नावातल्या पहिल्या एलच्या जागी मोठा आय. डोळ्यांना फरक दिसतच नाही. तो आतून संगणकावरच्या गुप्त चाव्या चोरत होता.

आणि नाव बरोबर असूनही घात होतो. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या खूप वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या थकलेल्या लेखकाने, मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाकडे किल्ल्या सोपवल्या. त्याने आत बिटकॉइनच्या पाकिटावर डल्ला मारणारा कोड सरकवला.

ताई, तुम्हाला एवढं घाबरायचं कारण नाही, फक्त नाव हाताने टंकू नका. लायब्ररीच्या अधिकृत पानावरून उचला. कारण कागदोपत्री नाव एक आणि घरात हाक दुसरीच, असाही प्रकार आहे. इन्स्टॉल करताना पिलो, इम्पोर्ट करताना पीआयएल. इन्स्टॉल करताना ओपनसीव्ही-पायथन, इम्पोर्ट करताना सीव्ही२. अंदाजाने नाव घालत बसलं की कधीतरी तोतयाच्या घरात शिरतो. एआयला विचारून नाव घेत असाल तर दुप्पट सावध. ते कधी कधी अस्तित्वातच नसलेलं पॅकेज छातीठोकपणे सुचवतं, आणि असल्या नावांवर दबा धरून बसणारेही आहेत.

मधली_सुट्टी
वाखुसा (वाचनखूण साठवली).

स्वल्पविराम
मंडळी, हजर आहे. घुबड यांनी सांगितलं तसं केलं. पत्ते खरंच वेगळे निघाले! एडिटरच्या खालच्या कोपऱ्यात पायथन निवडायची जागा आहे, तिकडे आजवर लक्षच गेलं नव्हतं. मग मधली_सुट्टी यांच्या पद्धतीने वेगळं फोल्डर केलं, त्यात पांडाज घातलं, एडिटरला तोच पायथन दाखवला. 'मॉड्यूल नॉट फाउंड' गेलं.

आता नवीनच. म्हणतंय, 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल पांडाज'मध्ये 'रीड-सीएसव्ही' नावाचं काही नाही. अर्धवट इन्स्टॉल झालं का? तीनदा काढून घातलं.

घुबड
इन्स्टॉल ठीक आहे. तुमच्या फाइलचं नाव काय ठेवलंय?

स्वल्पविराम
पांडाज डॉट पीवाय. पांडाजचा सराव करायचा म्हणून.

रिकामटेकडा
आई गं.

घुबड
पायथन आधी चालू फाइलच्या फोल्डरमध्ये शोधतो, साइट-पॅकेजेसकडे मागाहून जातो. तुमच्या पांडाजने पांडाजला बोलावलं आणि तो स्वतःलाच ओ देत उभा राहिला. नाव बदला.

जुनं_खोड
खजील होऊ नका. मी एकदा ईमेल डॉट पीवाय केली होती आणि भलत्याच लायब्रऱ्या कोलमडल्या होत्या, कारण त्या नावाचं मॉड्यूल पायथनमध्ये मुळात आहे. पायथन ३.१३ पासून निदान चुकीच्या संदेशातच 'फाइलचं नाव बदलून बघा' असं सुचवतात. आमच्या नशिबी तेही नव्हतं.

स्वल्पविराम
चाललं!!! अठरा तक्ते, चार सेकंद. पुन्हा पुन्हा चालवून बघतेय.

एक शेवटचं. ते सिक्स मला उगाच वाटतं. पायथन २ मी कधी वापरणार नाही. काढून टाकू का?

घुबड
हात लावू नका. पिप अनइन्स्टॉल करताना त्यावर कोण अवलंबून आहे हे बघत नाही, मुकाट काढून टाकतो. मग डेटयूटिल पडेल आणि त्यासोबत पांडाज.

स्वल्पविराम
उशीर झाला. तुमचा प्रतिसाद येण्याआधीच काढलं होतं आणि पडलंही.

पण वेन्वच होतं. फोल्डर उडवलं, नवीन केलं, कंसातला यांच्यासारखी हाताने लिहिलेली यादी होती (एकच नाव आहे त्यात), ती घातली. तक्ते परत चालले. सिक्सही परत आलंय, राहू दे.

आडवळण
ताई, ते सक्रिय करायची विंडोजवरची आज्ञा काय हो? मित्रासाठी विचारतोय.